दर मिनिटाला किती फेरे?

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर कल्पना करा. तुमच्यापुढे टेबलावर काचेचा एक पेला उपडा ठेवलाय. त्या पेल्याच्या अंगाला मातीची एक गोगलगाय चिकटवली आहे, तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढी. आता तिला केसभर वर सरकवा. सरकवली? फोटो काढा. पुन्हा केसभर सरकवा, पुन्हा फोटो. असे बारा फोटो झाले, की पडद्यावर ती गोगलगाय फक्त एक सेकंद चालते. एक सेकंद म्हणजे किती? तुम्ही सावकाश ‘गोगलगाय’ म्हणता ना, तेवढा. दमलात? उघडा डोळे.

आपल्या गोष्टीतल्या मुलीने असे सोळाशे चाळीस फोटो काढले होते. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं होतं. घरीदारी तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण जेवताना घास तोंडात असतानासुद्धा ती एका जागी बसायची नाही. अशी मुलगी तीन आठवडे एका गोगलगाईपुढे श्वास रोखून बसली होती. पेल्याच्या पायथ्यापासून निघून गोगलगाय वरपर्यंत पोचते, एवढीच फिल्मची गोष्ट. शाळेच्या प्रदर्शनात ती मोठ्या पडद्यावर दाखवायची होती. प्रदर्शनाच्या तयारीसाठी शाळेने आठवडाभर सुट्टी दिली होती आणि शुक्रवारी दुपारी चारपर्यंत फिल्म वर्गाच्या बाईंच्या हातात पडायला हवी होती. चारच्या पुढे नाही, असं बाईंनी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

फोटो आईच्या फोनवर काढायचे. पण फोनमध्ये जागा नव्हती, म्हणून रोजचे फोटो संगणकात टाकून फोन पुन्हा रिकामा करावा लागे. म्हणजे ते सोळाशे चाळीस फोटो उभ्या जगात एकाच ठिकाणी होते: बैठकीच्या खोलीत, खिडकीखालच्या जुन्या संगणकाच्या पोटात. आणि सोमवारी सकाळी त्या पोटातून आवाज यायला लागला. टक्. मग जरा थांबून, टक्, टक्.

भिंगरीने एक फोटो उघडायला सांगितला आणि दात घासायला गेली. दात घासून, दूध पिऊन, वेणी घालून परत आली, तेव्हा पडद्यावर गोगलगाईची फक्त शिंगं उमटली होती.

“आजोबा,” ती म्हणाली, “हा आजारी पडलाय.”

आता या आजोबांची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढे जे काही घडलं ते त्यांच्या हातून आणि त्यांच्या सहीने घडलं. आजोबा चौतीस वर्षं एका मोठ्या कचेरीच्या भांडार विभागात होते आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. इमारतीतले लोक अजूनही त्यांना ‘अधीक्षक’च म्हणत आणि आजोबाही अजून त्या हाकेला खुर्चीत ताठ होत. टाचणीपासून वीज तयार करणाऱ्या यंत्रापर्यंत त्यांनी सगळं खरेदी केलं होतं आणि त्यांच्या एकाही खरेदीवर कधी आक्षेप आला नव्हता. वस्तू गरजेच्या वेळी मिळाली का, हे मात्र त्यांना कोणी विचारलं नव्हतं. तसा रकाना तक्त्यात नव्हता.

आजोबा आणि भिंगरी संगणकाची पेटी दोन बाजूंनी धरून गल्लीच्या टोकाच्या दुकानात गेले. तिथल्या संगणकवाल्या बाईंनी पेटी उघडली, कान लावला आणि नाक मुरडलं.

“आजोबा, ही हार्ड डिस्क जायच्या बेतात आहे. नवी बसेपर्यंत संगणक सुरूच करू नका. एकदासुद्धा नाही. आत जे आहे ते आपण नव्या डिस्कवर काढून घेऊ.” असं म्हणून त्यांनी काउंटरवर दोन डब्या ठेवल्या. “ही फिरणारी, ही न फिरणारी. तुम्ही ही न फिरणारी घ्या. फार जलद आहे. अर्ध्या तासात बसवून देते.”

मुलांनो, या दोघींमधला फरक नीट समजून घ्या, म्हणजे पुढे आजोबांचं काय चुकलं ते कळेल. फिरणाऱ्या डिस्कच्या आत गुळगुळीत चकत्या असतात. त्या गरागरा फिरतात आणि सुईसारखा एक चिमुकला हात त्यांच्यावरून इकडून तिकडे धावत तुमचा फोटो शोधून आणतो. फोटो जिथे ठेवलाय तो भाग फिरून हाताखाली येईपर्यंत हात बिचारा थांबून राहतो. न फिरणारी डिस्क म्हणजे लहान लहान खणांची भिंत. हजारो, लाखो खण. ज्या खणातला फोटो हवा तो खण सरळ उघडायचा. फिरायचं कोणी नाही, थांबायचं कोणी नाही. कळलं ना? तुम्हाला एका परिच्छेदात कळलं. आजोबांना चार दिवस लागले.

“बाई,” आजोबा म्हणाले, “तीन दरपत्रकं आल्याशिवाय मी टाचणी घेतलेली नाही.”

“टाचणी टकटक करत नाही, आजोबा.”

“पद्धत म्हणजे पद्धत. आपण लेखी द्या.”

बाईंनी भिंगरीकडे पाहिलं. भिंगरीने खांदे उडवले. बाईंनी लेखी दिलं.

मंगळवारी घरात खरेदी समिती स्थापन झाली. अध्यक्ष आजोबा. सदस्य भिंगरीची आई, म्हणजे आजोबांची सून, जी त्या वेळी कपडे वाळत घालत होती आणि आपण सदस्य झालोय हे तिला इतिवृत्त वाचल्यावर कळलं. तांत्रिक सदस्य म्हणून समोरच्या दाराचे वाइंडिंगवाले काका. काकांनी आयुष्यभर पंख्यांच्या आणि पंपांच्या जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून दिली होती. फिरणारी कुठलीही वस्तू आपल्याला कळते असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खोटं नव्हतं. अडचण एवढीच, की न फिरणाऱ्या वस्तूही आपल्याला कळतात असं त्यांना वाटे.

“आधी दुखणं ऐकू द्या,” काका म्हणाले. “संगणक चालू करा.”

“चालू करायचा नाही असं त्या दुकानातल्या मावशींनी सांगितलंय,” भिंगरी म्हणाली.

“अगं पोरी, मोटार बंद असताना डॉक्टरला काय कळणार?”

संगणक चालू झाला. काकांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक डिस्कवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. आजोबा हातातल्या घड्याळाकडे बघत मोजू लागले. दर मिनिटाला अकरा टक्. तशी नोंद झाली. दुपारी पुन्हा मोजणी, चौदा टक्. संध्याकाळी एकोणीस. “प्रगती आहे,” आजोबा म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्यांनी ‘प्रगती’ खोडून ‘वाढ’ लिहिलं.

मग तुलनात्मक तक्ता तयार झाला. आजोबांचा तक्ता म्हणजे काय सांगू! पट्टीने आखलेला, उभ्या रेघा लाल, आडव्या निळ्या, आणि कोपऱ्यात ‘पान एकपैकी एक’. रकाने असे: वस्तूचे वर्णन, जागा किती, वजन, आवाज, हमी. “आणि फेरे?” काकांनी विचारलं. “दर मिनिटाला फेरे किती, हे नको का? मोटारीचा जीव फेऱ्यांत असतो.” रास्त सूचना होती. रकाना वाढवला.

गल्लीत संगणकांची दुकानं दोनच होती. तिसरं दरपत्रक मिळेना, म्हणून आजोबा जुन्या यंत्रांच्या दुकानात गेले. त्या दुकानदाराला भंगारवाला म्हटलेलं आवडत नसे. त्याच्या पाटीवर ‘वापरलेल्या यंत्रांचे तज्ज्ञ’ असं होतं. तर तीन दुकानांकडून तीन डिस्क तक्त्यात आल्या. दुसऱ्या दुकानाची: सात हजार दोनशे फेरे. तज्ज्ञांची: दहा हजार फेरे. संगणकवाल्या बाईंची न फिरणारी: काहीच नाही. रकाना रिकामा.

“दहा हजार!” काका खुर्चीतून उठले. “माझा सगळ्यात पळणारा पंखासुद्धा चौदाशेला धापा टाकतो. वजन बघा हिचं, रकान्यातच कसं भरल्यासारखं वाटतं. आणि ही बाईंची? आगपेटीएवढी हलकी. यात तांबंच नाही.”

“पण तीच सगळ्यात जलद आहे असं मावशी म्हणाल्या,” भिंगरी म्हणाली.

“जी जागची हलतच नाही ती जलद कशी?” काकांनी विचारलं.

“माहितीच दिलेली नाही,” आजोबा गंभीरपणे म्हणाले आणि लाल पेन उघडलं. “चौतीस वर्षांत रिकामा रकाना माझ्या टेबलावरून पुढे गेलेला नाही.” त्यांनी न फिरणाऱ्या डिस्कपुढे लिहिलं: ‘अपूर्ण. सबब अपात्र.’

सुनेने कागद वाचला. “बाबा, शुक्रवार कुठल्या रकान्यात आहे?”

“सदस्यांनी विषयाला धरून बोलावं,” अध्यक्ष म्हणाले.

बुधवारी दहा हजार फेऱ्यांची डिस्क घरी आली. तीन माणसांनी पेटीभोवती उकिडवं बसून ती संगणकात बसवायला घेतली. बसेना. तारेच्या टोकाला मध्ये फट होती आणि डिस्कच्या तोंडाला त्या फटीच्या जागी भरीव भिंत. काकांनी आधी हलकेच दाबून पाहिलं, मग जरा जोर लावून, मग कानस मागितली. “कानस नको!” असं सुनेने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं. आजोबांनी डिस्क खिशात घातली आणि दुसरीकडे बघत संगणकवाल्या बाईंच्या दुकानासमोरून दोनदा गेले. तिसऱ्यांदा बाईंनीच हाक मारली.

“आजोबा, ही मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांत लागते. आपल्या घरच्या संगणकात हिचं तोंड बसत नाही. कुणी दिली तुम्हाला?”

“समितीने,” आजोबा म्हणाले.

ते तडक तज्ज्ञांकडे गेले. तज्ज्ञांनी शांतपणे ड्रॉवर उघडला आणि एक कागद पुढे केला. कागद आजोबांनी स्वतः तयार करून नेला होता, कारण तज्ज्ञांकडे पावतीचा नमुना नव्हता. त्यावर आजोबांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘सदर वस्तू प्रत्यक्ष पाहून, सर्व अंगांनी तपासून व पूर्ण समाधान झाल्यावर ताब्यात घेतली. याबाबत कोणतीही तक्रार राहणार नाही.’ खाली सही. सहीखाली तारीख.

“असा सुंदर मसुदा मी आयुष्यात पाहिला नाही,” तज्ज्ञ मनापासून म्हणाले. “मी आता हाच सगळ्यांना देतो.”

आयुष्यात पहिल्यांदाच आजोबांना आपली स्तुती ऐकून घाम फुटला.

गुरुवारी सकाळी दुसऱ्या दुकानातली, सात हजार दोनशे फेऱ्यांची डिस्क आली. हिचं तोंड बरोबर बसत होतं. भिंगरी टाळ्या वाजवत खोलीभर फिरली. तेवढ्यात काकांना त्या डिस्कच्या पाठीवर एक बारीक भोक दिसलं.

मुलांनो, अशा डिस्कला एक लहानसं भोक असतं, तिच्या आतली हवा आणि बाहेरची हवा सारखी राहावी म्हणून. तिला श्वास घ्यायची जागा म्हणा ना. शेजारी बारीक अक्षरांत ‘हे भोक झाकू नये’ अशी सूचना छापलेली असते. काकांनी ती सूचना आजोबांकडून वाचून घेतली.

“झाकू नये?” काकांचा चेहरा उजळला. “म्हणजे तेलाचं भोक! जुन्या पंख्यांना असायचं असं. कंपनी शहाणी दिसते. सात हजार फेरे म्हणजे चेष्टा आहे का, कोरडी चालवली तर दोन दिवसांत जळेल.” आणि कोणी काही बोलायच्या आत त्यांनी खिशातून शिलाई मशीनच्या तेलाची बुधली काढून दोन थेंब सोडले. मग विचार करून तिसरा.

डिस्क सुरू केली. तिने एकदा ‘घूं’ केलं, एकदा ‘खर्र’ केलं आणि मग जे मौन धरलं ते कायमचं.

काका हळूच उठले. “घरी पाणी भरायचंय,” म्हणाले आणि समोरचं दार लावून घेतलं. आतून कडी लावल्याचाही आवाज आला.

“बाबा,” सून दारात उभी राहून म्हणाली, “एव्हाना पोचली असती हो. खरी गोगलगाय.”

आजोबा आपला तक्ता मांडीवर घेऊन खिडकीशी बसले. रेघा सरळ होत्या. बेरजेला कुठे चूक नव्हती. सगळ्या सह्या होत्या. आणि संगणकाच्या पोटातली ती जुनी डिस्क, जिच्यात नातीचे तीन आठवडे होते, ती मंगळवारच्या तीन मोजण्यांनी आणखी खंगली होती. चूक कुठे झाली ते त्यांना आता दिसत होतं. पण स्वतःच्या हाताने लाल पेनात ‘अपात्र’ लिहिलेलं आपणच कसं खोडायचं? उद्या बाईंच्या दुकानात जाऊन काय सांगायचं? चौतीस वर्षांत ते असे कुणापुढे गेले नव्हते.

भिंगरी त्यांच्याशेजारी येऊन बसली. तिने रडायचं नाही असं ठरवलेलं दिसत होतं. तक्त्यातल्या त्या रिकाम्या रकान्यावर तिने बोट ठेवलं.

“आजोबा, तुमच्या ऑफिसात एखाद्या रकान्यात लिहायला काहीच नसलं, खरोखरच काही नसलं, तर काय करायचात?”

“काही नसलं तर? तर ‘निरंक’ लिहायचं. निरंक म्हणजे माहिती दिलेली नाही असं नाही. माहिती दिली आहे, आणि ती अशी की…” आजोबा मध्येच थांबले.

“ही फिरत नाही ना,” भिंगरी म्हणाली. “मग हिचे फेरे निरंक.”

आजोबा त्या रिकाम्या रकान्याकडे असे बघू लागले, जणू तो शब्द त्यांच्याच घरात राहत होता आणि त्यांनी त्याला कधी बसायला सांगितलं नव्हतं. मग त्यांनी निळं पेन घेतलं, रकान्यात सुवाच्य अक्षरात ‘निरंक’ लिहिलं, ‘अपात्र’वर एक आडवी रेघ मारली आणि रेघेशेजारी छोटी सही केली.

“सुधारित तक्त्याला समितीची मान्यता लागेल,” ते उभे राहत म्हणाले, पण आवाजात पहिला ताठा नव्हता.

“मान्य!” सून स्वयंपाकघरातून ओरडली. कडी लावलेल्या समोरच्या दाराआडूनही काही तरी ऐकू आलं. ते ‘मान्य’ असावं असं धरण्यात आलं.

संध्याकाळी संगणकवाल्या बाईंनी न फिरणारी डिस्क बसवली. किती वेळात? अर्ध्या तासात. आजोबांनी घड्याळात पाहिलं नाही, पण बाईंनी पाहिलं. मग जुन्या डिस्कवरून फोटो काढायला सुरुवात झाली. “आता नवीन कितीही पळू दे,” बाई म्हणाल्या, “म्हातारी देईल तेवढंच हिला मिळणार.” सगळे काउंटरवर हात टेकून पडद्याकडे बघत राहिले. शंभर. पाचशे. हजार. टक्. बाराशे. टक्, टक्. पंधराशे. पंधराशे अठ्ठ्याऐंशी. मग ती जुनी डिस्क एकदा हुंदका दिल्यासारखी वाजली आणि थांबली. बाईंनी तीन-चारदा प्रयत्न केला. काही नाही.

“बावन्न गेले,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “सोमवारी आला असतात तर सगळे निघाले असते, आजोबा. मी बोलणार नव्हते, पण…”

“बोला,” आजोबा म्हणाले. “नोंद व्हायला हवी.”

गेलेले बावन्न फोटो शेवटचे होते, गोगलगाय पेल्याच्या वरच्या कडेवर चढून पोचते ते. आता फिल्ममधली गोगलगाय सगळा पेला चढून यायची आणि वरच्या कडेपासून नखभर खाली थांबायची.

शुक्रवारी सकाळी आजोबा भिंगरीच्या आधी उठले. संगणकाने एव्हाना डोळा लवायच्या आत फोटो उघडायला सुरुवात केली होती आणि ते बघवत नाही म्हणून ते पाठ करून बसले होते. त्यांनी शाळेच्या बाईंना पत्र लिहायला घेतलं. ‘विलंबाची संपूर्ण जबाबदारी खाली सही करणाराची असून मुलीचा यात काडीचाही दोष नाही. तरी दोन दिवसांची मुदतवाढ मिळावी.’ मसुदा त्यांनी तीनदा वाचला. आयुष्यात त्यांनी लिहिलेल्या पत्रांपैकी हे सर्वांत लहान होतं आणि त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं.

भिंगरी डोळे चोळत आली. तिने पत्र वाचलं, नीट घडी घातली आणि आजोबांच्याच खिशात ठेवून दिलं.

“मुदतवाढ नको,” ती म्हणाली. “दुपारपर्यंत बावन्न होतात.”

तिने पेला उपडा ठेवला. गोगलगाय होती तिथे, वरच्या कडेपासून नखभर खाली, पुन्हा चिकटवली. मग उरलेली माती घेऊन ती तळहातावर वळू लागली. एक लांबट गोळा झाला, त्यावर एक गोल गोळा. पेल्याच्या वरच्या सपाट बाजूवर, अगदी गोगलगाईच्या वाटेत, तिने मातीचा एक माणूस बसवला. त्याच्यापुढे बोटाएवढं टेबल. टेबलावर कागदाचा कपटा, त्यावर उभ्या रेघा लाल आणि आडव्या निळ्या. माणसाचा एक हात तिने पुढे करून ठेवला, ‘थांब’ म्हणणारा.

आजोबा वाकून बघत होते. “हे कोण?”

“हे वर बसतात. गोगलगाय एवढी चढून आली ना, की हे तिच्याकडून फॉर्म भरून घेतात.”

“मग ती पोचते का वर?”

“अजून ठरलं नाही.”

आजोबांनी घसा खाकरला. त्या मातीच्या माणसाकडे त्यांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. “नाक जरा जास्तच झालंय,” ते म्हणाले. “माझं एवढं मोठं नाही.”

भिंगरीने मान वर करून आजोबांच्या नाकाकडे पाहिलं, मग मातीच्या माणसाकडे पाहिलं, पुन्हा एकदा आजोबांकडे पाहिलं, आणि चिमूटभर माती आणखी लावली.